आधी पातेलं, मग पदार्थ

घरी सात-आठ जणांना जेवायला बोलावलं असेल, तर नेमके किती जण येणार ते नक्की करा आणि कोण काय खात नाही ते विचारून घ्या. शेंगदाणे, दूध, गहू, अंडी, मासे, कशाची ॲलर्जी आहे का, असं नावं घेऊन विचारायचं. ‘काहीही चालेल’ या उत्तरावर फोन ठेवू नका, कारण ते उत्तर सगळेच देतात. एवढं कुणीही सांगेल. कुणी सांगत नाही ते हे: घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढून ओट्यावर ठेवा. आत्ता. पदार्थ ठरवायच्या आधी, सामानाची यादी करायच्याही आधी.

रेसिपी असते चौघांची. आपण साहित्य दुप्पट करतो, मसाले दुप्पट करतो, आणि शिजवायला घेतो ते रोजचंच पातेलं. मागच्या वेळी माझं हेच राहिलं आणि ऐन वेळी एक रस्सा तीन भांड्यांत वाटून शिजवावा लागला. एकात बटाटे कच्चे, एकात मीठ नाही, तिसरं बुडाला लागलेलं. म्हणून यंदा बाकी काहीही विसरलं तरी चालेल, पातेलं नाही.

‘आहे की मोठं’ असं म्हणून पुढे जाऊ नका, मोजा. एक लिटरची बाटली घ्या आणि पातेलं काठापर्यंत भरायला किती बाटल्या पाणी लागतं ते बघा. त्यातलं दोन तृतीयांशच आपल्या कामाचं. वरचा भाग उकळीला आणि ढवळायला मोकळा लागतो, नाहीतर अर्धा रस्सा शेगडीवर. आठ जणांसाठी माणशी ३०० ते ३५० मिलिलिटर रस्सा धरला तर अडीच-पावणेतीन लिटर होतो, म्हणजे पातेलं चार लिटरच्या वरचं हवं. भाताचं गणित वेगळं. माणशी ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ धरा, आठ जणांचे ६०० ग्रॅम. कपाने मोजलं तर साधारण तीन कप. शिजून तो जवळपास तिप्पट फुलतो, शिवाय उकळताना फेस वर येतो. त्यालाही चार लिटरचंच पातेलं. म्हणजे मोठी पातेली दोन लागणार, आणि घरात बहुधा एकच असतं. दुसरं आजच मागून आणा, पाहुणे यायच्या दिवशी नाही. मागताना झाकणही मागा. झाकण नसेल तर वर घट्ट बसेल अशी परात किंवा मोठं ताट शोधून ठेवा, कारण झाकणाशिवाय एवढ्या पाण्याला उकळी येईपर्यंत पाहुणे दारात उभे असतील. कुकर वापरणार असाल तर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. तांदूळ, डाळी, कडधान्यं अशा फुगणाऱ्या वस्तूंना तर निम्म्यापर्यंतच.

आता दोन्ही पातेली गार, रिकामी असतानाच शेगडीवर ठेवून बघा. शेजारी शेजारी बसतात का? बसत नाहीत, असं बऱ्याचदा होतं. एकाचा काठ दुसऱ्याच्या बर्नरवर येतो, किंवा कान एकमेकांना अडतात, किंवा रुंद पातेल्याखाली लहान बर्नर येतो आणि मधोमध करपून कडेला सगळं कच्चं राहतं. चार बर्नरची शेगडी मोठी भांडी ठेवली की दोन बर्नरचीच उरते. हे आज कळलं तर पदार्थ बदलता येतो. त्या दिवशी कळलं तर तोंड बदलतं.

पदार्थ ठरवायचे ते यानंतर, आणि किती करायचे ते बर्नर सांगतील, तुमचा उत्साह नाही. शिजवायच्या गोष्टी दोन: एक रस्सा आणि भात. सोबत सॅलड. ब्रेड आणि गोड विकत आणा, त्यात लाज कसली? रस्सा भाज्यांचा, कडधान्याचा किंवा चिकनचा, पण पूर्वी केलेला. नवा पदार्थ पाहुण्यांवर करून बघू नका. तळणीचं काहीही नको. तळणारा माणूस जेवत नाही, आणि पहिला घाणा गार झाल्यावर शेवटचा बाहेर येतो. रस्सा निवडायचं आणखी एक कारण असं की तो आदल्या दिवशी करता येतो आणि मुरल्यावर जास्तच चांगला लागतो.

साहित्य दुप्पट केलं की वेळही वाढते, हे रेसिपीत लिहिलेलं नसतं. तुमच्या बर्नरवर दोन लिटर पाण्याला उकळी यायला दहा मिनिटं लागत असतील तर चार लिटरला वीस धरा. आच तीच आहे, तापवायचं दुप्पट आहे. कांद्याचं तर याहून वाईट. कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. चार मोठे कांदे एकदम टाकले की ते पाणी सुटून साचतं, आणि पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. कांदा तांबूस व्हायला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून तो नुसता उकडत बसतो, पांढरा आणि लिबलिबीत, आणि आपण मिनिटं मोजतो. सगळ्यात रुंद भांडं घ्या, दोन वेळा करून परता. रेसिपीत ‘कांदा पाच मिनिटं परतून घ्या’ असं असेल तर ते वाक्य खोडून वीस मिनिटं लिहा. पाच मिनिटांत तांबूस झालेला कांदा मी तरी अजून पाहिलेला नाही.

मीठ आणि तिखट आधी हिशेबाच्या पाऊणपटच घाला आणि चाखत वाढवा. पाणीही कमी घाला. खोल पातेल्यात रस्सा जास्त असतो पण वाफ जायला वरचा पृष्ठभाग तेवढाच, त्यामुळे तो आटायला वेळ घेतो. नंतर पाणी घालणं सोपं, काढणं अवघड. भातालाही हेच: एक कप तांदळाला दोन कप पाणी लागत असलं तरी तीन कपांना सहा ओतू नका. साडेपाच घाला, कमी वाटलं तर उकळतं पाणी शिंपडता येतं. जास्त झालं तर गिचका, त्याला इलाज नाही.

सामानाची यादी करायला तुम्हाला माझी गरज नाही. कांदे, लिंबं आणि तेल मात्र लागेल असं वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त आणा. गॅस सिलिंडरवर असेल तर तो हलवून बघा. फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करा, उद्यावर टाकू नका. चिकन गोठवलेलं असेल तर ते आदल्या रात्री नाही, त्याच्याही आदल्या दिवशी फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये आणा. दोन-अडीच किलोला चोवीस तास सहज लागतात. ओट्यावर ठेवून सोडवायचं नाही, बाहेरचा भाग गरम होतो आणि आत बर्फच राहतो. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात. राजमा वापरणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळी येऊ द्या. अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट खरोखर बिघडतं. आणि भिजून तो दुपटीने फुगतो, म्हणजे पुन्हा पातेलं. मोजलंत ना? मोजलं नसेल तर इथे थांबा, बाटली घ्या, मोजून या. मी थांबतो.

आदल्या दिवशी रस्सा करून टाका. झाल्यावर ते भलंमोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. ५ ते ६० अंशांमधलं तापमान म्हणजे त्यांची चैन. उथळ डब्यांत ओता, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, आणि रिकामं पातेलं घासून परत ओट्यावर. उद्या त्यातच गरम करायचंय. चिकनचा रस्सा असेल तर करतानाच सगळ्यात जाड तुकडा आतपर्यंत शिजला का बघा. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश, नसेल तर तुकडा चिरा आणि गुलाबी काही दिसता कामा नये. कांदे, टोमॅटो, काकडी आजच चिरून ठेवू का, असं विचाराल तर कांदे हो, टोमॅटो-काकडी नाही.

त्या दिवशी घड्याळ उलटं मोजा. जेवण आठला असेल तर भात आठ वाजता तयार नको, पावणेआठला हवा, आणि त्याआधी आच बंद करून दहा मिनिटं झाकण न उघडता तो वाफेवर राहायला हवा. शिजायला वीस मिनिटं, त्याआधी उकळी यायला पंधरा. म्हणजे सातला पातेलं शेगडीवर. रस्साही सातलाच, मंद आचेवर, पाच-पाच मिनिटांनी तळापासून ढवळत, शेवटी चांगली उकळी आणून. त्यासाठी लांब दांड्याचा डाव हवा, आखूड असला की पातेल्यात पडतो आणि मग तो काढायची कसरत. बुडाला लागल्याचा वास आलाच तर खरवडू नका, वरचं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. दुसरं भांडं कोणतं, ते आधी ठरवून ठेवा. हो, तेही मोठंच.

एवढा रस्सा आणि पातेलं मिळून पाच-सहा किलो भरतं. उचलायला दोघं लागतात, आणि फडकं कोरडं हवं; ओल्या फडक्यातून चटका लगेच लागतो. ते कुठे टेकवायचं, टेबलावर काय अंथरायचं, हे उचलायच्या आधी बघा.

सात वाजेपर्यंत सिंक रिकामं. कचऱ्याची पिशवी नवी. ताटं, वाट्या, पेले मोजून घ्या, वाढायचे चमचे प्रत्येक भांड्याला एक. पिण्याचं पाणी भरून ठेवा. कपडे बदलायला पंधरा मिनिटं राखा, तुम्ही विसराल.

सॅलडला मीठ-लिंबू वाढताना. आधी घातलं तर पाणी सुटतं. पहिल्यांदा थोडंथोडं वाढा. कुणी मदत करू का विचारलं तर ‘नको नको’ म्हणू नका, ब्रेड कापायला द्या.

जेवणं झाली की उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत, फ्रिजमध्ये. भात आधी, त्याला बाहेर ठेवणं सगळ्यात वाईट, पुन्हा गरम केला तरी तो सुधारतोच असं नाही. घरी नेणाऱ्यांसाठी डबे शोधून ठेवा, म्हणजे परत नाही आले तरी चालतील असे. कॉफी विचारणार असाल तर दूध आहे का ते विचारायच्या आधी बघा.