तालुक्याला रक्त तपासायला जाण्याआधी

चिठ्ठीवरच्या तपासणीचं पूर्ण नाव आदल्या दिवशीच वहीत उतरवून घ्या. अक्षर लागत नसेल तर औषधाच्या दुकानात विचारा. नुसतं ‘शुगर’ शोधलंत की मोबाइलवर आधी कारल्याचा रस येतो. ‘एचबीएवनसी’ शोधलंत तर कळेल, की ती रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते आणि तिला उपाशी राहावं लागत नाही. उपाशीपोटीच्या साखरेला मात्र किमान ८ तास पाण्याखेरीज काही नको. सकाळची पेज नाहीच, पण कोरा चहाही नाही. आपल्याकडे तो खाण्यापिण्यात धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतोय. मधुमेहाची गोळी त्या सकाळी घ्यायची का, ते डॉक्टरांनाच विचारा. थायरॉइड तपासायचं असेल तर केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तेही सांगा. त्याने आकडे चुकू शकतात.

वाचायला मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ चांगलं. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे, जाहिराती नाहीत. इंग्रजी जड वाटलं तर शिकलेल्या भाचीला बसवा. एरवी कुठलंही पान उघडलं की ते कोण चालवतं आणि शेवटचं कधी तपासलं ते बघा. खाली त्याच आजाराचं चूर्ण विकायला असेल तर पुढे वाचू नका.

पावसाळ्यातल्या तापाला वेगळी तयारी लागते. ताप कोणत्या तारखेला चढला ते लिहून ठेवा, कारण रिपोर्टचा अर्थ त्यावर ठरतो. डेंग्यूची एनएस१ ही तपासणी पहिल्या ५ दिवसांत जास्त उपयोगाची. लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे होणाऱ्या तापाची, आयजीएम ही तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा तो कागद बघून पुन्हा लावणीला उतरू नका. उंदराच्या लघवीतले जंतू चिखलपाण्यातून पायाच्या भेगांत शिरतात. म्हणून शेतात उतरला होतात, पायाला जखम आहे, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल किंवा पिवळे झालेत, लघवी कमी होतेय, असं असेल तर शोधाशोध पुरे, सरळ दवाखाना गाठा.

जुने रिपोर्ट पिशवीत घाला. प्रत्येक लॅबची सामान्य मर्यादा थोडी वेगळी असते, तेव्हा आकडा त्याच कागदावरच्या मर्यादेशी ताडायचा, शेजारच्या काकांच्या रिपोर्टशी नव्हे. रिपोर्ट आल्यावर शंका उरली आणि डॉक्टर लांब असले, तर सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा फुकट सल्ला मिळतो. मात्र रेंज असेल तिथे जाऊन बसा.