बऱ्याच वर्षांनी परत वल्हं धरताय? मग आधी कुंभारजुव्याचं पाणी शिका

गोव्यात असे कितीतरी जण आहेत जे लहानपणी घरामागच्या खाडीत होडी घेऊन फिरायचे, मग शिक्षण, नोकरी, पुणे-मुंबई, कुणी गल्फ, कुणी जहाजावर, आणि आता गावी परत आल्यावर पडवीत उलटी घातलेली ती होडी बघून परत पाण्यात जावंसं वाटतं. जावंच. पण एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, वल्हं मारायची काळजी करू नका, ते हातांना आठवतं, अर्ध्या-पाऊण तासात होडी सरळ जायला लागते. विसरलेलं असतं ते पाण्याचं वेळापत्रक. लहानपणी ते आपण कधी शिकलोच नव्हतो, आजोबा किंवा शेजारचे खारवी बाब म्हणायचे "आता चला" आणि आपण निघायचो. ते "आता" त्यांना कसं कळायचं ते आता आपल्याला स्वतः शिकायचंय, आणि बाकी सगळं त्यानंतर.

मी इथे कुंभारजुव्याच्या कालव्याबद्दल लिहितोय कारण परत सुरुवात करायला तो मला सगळ्यात चांगला वाटतो, मांडवी किंवा जुवारीसारखं उघडं पाणी नाही, दोन्ही बाजूंना कांदळाची झाडं आणि बांध, वारा कमी लागतो. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारी ही साधारण १५ ते १७ किलोमीटरची वाट, पण पाणी समुद्राच्या तालावर चढतं-उतरतं हे डोक्यात पक्कं बसवा.

आता भरती-सुकतीचं गणित, सुकती म्हणजे ओहोटी. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती, एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोज वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी एक छोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा गोव्यात पाणी साधारण २ मीटर चढतं-उतरतं आणि ओढ जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं. परत सुरुवात करणाऱ्याने पहिल्या फेऱ्या अष्टमीच्या आगेमागेच कराव्यात, याबद्दल माझं दुमत नाही.

कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला ३ ने गुणा आणि ४ ने भागा, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला ५ गुणिले ३ म्हणजे १५, भागिले ४, पावणेचार. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला सुकती. हा फक्त अंदाज, अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय बघून घरबसल्या "या रविवारी जमेल का" एवढं ठरवायला पुरतो. नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचा टाइड टेबल बघा, मोबाइलवर मिळतो. पण ती वेळ समुद्राकाठची आहे, आत कालव्यात पाणी त्यापेक्षा उशिरा चढतं. किती उशिरा, हे तुमच्या धक्क्यासाठी तुम्हीच काढायचं, धक्क्याच्या खांबावर खडूने खूण करा, पाणी कधी थांबलं ती वेळ लिहा, चार-सहा वेगवेगळ्या तिथींना असं केलं की तुमच्या जागेचा फरक तुमच्या हातात. हे कंटाळवाणं वाटेल पण होडी दुरुस्त होईपर्यंत तुमच्याकडे वेळ असतोच.

आणि कालव्याची खास गोष्ट म्हणजे तो दोन्ही तोंडांनी उघडा आहे. भरती मांडवीकडूनही आत शिरते आणि जुवारीकडूनही. म्हणजे एका बाजूने आत जाताना पाणी तुम्हाला ढकलतं, मध्ये कुठंतरी ते मंदावतं आणि पुढे गेलात तर तेच पाणी समोरून अंगावर येतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं असेल तर भरती पूर्ण व्हायच्या साधारण दोन-अडीच तास आधी आत शिरायचं, भरती थांबते तेव्हा मधल्या भागात असायचं, जरा थांबून पाणी प्यायचं, भाकरी-भाजी खायची, आणि मग सुकती लागली की ती तुम्हाला पलीकडच्या नदीकडे घेऊन जाते. आरामात वल्हं मारणारा माणूस तासाला तीन-चार किलोमीटर जातो, त्यामुळे पूर्ण अंतर चार-पाच तासांचं, आणि वेळ साधली तर त्यातला बराच भार पाणीच उचलतं. वेळ चुकली तर तरणाताठा माणूससुद्धा दमून काठ धरतो. अर्थात हे पहिल्या महिन्यातलं काम नाही, पण कशासाठी तयारी करायची ते माहीत असलेलं बरं.

त्याच धक्क्यावर परत यायचं असेल अशा फेरीला नियम सोपा ठेवा. जाताना पाण्याविरुद्ध, येताना पाण्याबरोबर. दमलेल्या खांद्यांना घरी यायला मदत मिळायला हवी, उलटं केलंत तर शेवटचा अर्धा तास जीव काढतो.

वाऱ्याचं बघा. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम, त्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. मांडवीच्या उघड्या पाण्यात सुकती समुद्राकडे निघालेली आणि वारा समुद्राकडून आलेला असा योग जुळला की आखूड, उभ्या लाटा उठतात, लहान होडीत त्या सरळ आत येतात. म्हणून सकाळी निघा, अकराच्या आत परत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं, ते उठेपर्यंत धक्क्यावरच थांबा, फेरीबोटवाल्याला तुम्ही दिसत नाही. आणि जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही, डोंगरातून लाल पाणी येतं, झाडाचे ओंडके वाहत येतात, तेव्हा भरतीचा हिशोबसुद्धा नीट चालत नाही.

तुम्ही गेलात तेव्हाचं पाणी आणि आताचं पाणी यात फरक पडलाय. ज्यांनी खाणींच्या भरभराटीत इथली होडी सोडली त्यांना खनिजाच्या बार्ज आठवत असतील, पावसाळ्यात आग्वादकडे मांडवीच्या तोंडावर वाळू साचते म्हणून त्या कुंभारजुव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगावला जायच्या. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालल्या, मग सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून परत थांबल्या, आता लिलाव होऊन काही ठिकाणी काम सुरू झालंय. तेव्हा बार्ज नाहीतच असं धरून चालू नका. अरुंद जागी बार्ज जवळून गेली की काठाचं पाणी आधी खाली ओढलं जातं आणि मग एकदम परत येतं, अशा वेळी काठाला चिकटून राहू नका आणि होडीचं तोंड लाटेकडे ठेवा. कागदोपत्री बोलायचं तर २०१६ च्या कायद्यापासून कुंभारजुवे हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ आहे, मांडवी ६८ आणि जुवारी १११. रायबंदर-चोडण मार्गावर आता रो-रो फेरी (गाड्या थेट चढतात-उतरतात ती) आहे, जुन्या फेरीपेक्षा मोठी आणि वेगवान, तिच्या पुढून जायचा विचारही करू नका, ती गेल्यावर मागून ओलांडा. पणजीसमोर कॅसिनोची जहाजं, क्रूझ बोटी, त्यांना ने-आण करणाऱ्या स्पीडबोटी. तिथे सुरुवातीला कशाला जायचं.

होडीला इंजिन लावणार असाल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याच्या, पणजीच्या ऑफिसात जाऊन नोंदणीचं विचारून घ्या, नुसत्या वल्ह्याच्या होडीबद्दलही तिथेच एकदा विचारलेलं चांगलं. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य वन खात्याचं आहे, तिथल्या कांदळवनात होडी घालायची तर आधी परवानगी.

मगरींबद्दल स्पष्ट बोलू या. कुंभारजुव्यात मगरी आहेत, पूर्वीही होत्या, आणि पलीकडे दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा, म्हणजे मांगेथापणी, करतात ती उगाच नाही, आपल्या लोकांनी या प्राण्याबरोबर जगायची रीत फार आधी लावून घेतली. तीच रीत पाळा. हात पाण्यात सोडून बसायचं नाही. थंडीच्या दिवसांत सुकतीला चिखलाच्या काठावर त्या ऊन खात पडतात, तिथे जवळ जाऊन मोबाइलवर फोटो काढायचा नाही, लांबून बघा आणि जाऊ द्या. फेब्रुवारी-मार्चपासून त्या काठावर अंडी घालतात, मादी तिथेच राखण करते, तेव्हा अनोळखी काठावर उतरू नका. अंधार पडायच्या बऱ्याच आधी बाहेर. मासे साफ करून घाण धक्क्यावरच पाण्यात टाकायची सवय असेल तर ती बंद करा. आणि होडी उलटली तर काय करायचं याचा सराव कालव्यात करायचा नाही, त्यासाठी कांपालचा स्विमिंग पूल आहे, तिथे आधी कपड्यांसकट किती पोहता येतंय ते बघा. वीस वर्षांपूर्वी मांडवी पोहून जायचो हे आज उपयोगाचं नाही.

आता होडी. लाकडाची असेल आणि वर्षानुवर्षं कोरडी पडली असेल तर फळ्या आकसून फटी पडलेल्या असतात, त्या बघून लोक घाबरतात आणि लगेच पुट्टी, एमसील काय मिळेल ते दाबून भरतात. तसं करू नका. लाकूड पाण्यात फुगतं, भरलेल्या फटीत कडक मसाला असला की फळ्या एकमेकींना ढकलतात आणि खिळे सैल होतात. आधी स्क्रूड्रायव्हरने तळाचं लाकूड, विशेषतः जिथे आडव्या फासळ्या टेकतात तिथे, टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर ते लाकूड कुजलंय किंवा किड्याने पोखरलंय, ती फळी बदलावी लागेल आणि त्यासाठी सुताराला, शक्यतो होड्या केलेल्याच सुताराला बोलवा. लाकूड टणक असेल तर होडी उथळ पाण्यात बांधून आत पाणी भरून चार-पाच दिवस भिजू द्या, बऱ्याच फटी आपोआप मिटतात. जिथे तरीही पाणी येतं तिथे खुणा करा, मग होडी वर घेऊन त्याच जागी कापूस आणि तेलातली राळ. एकाच खोडाची कोरलेली असेल आणि लांबलचक चीर गेली असेल तर मात्र माझ्या मते तिला अंगणात राहू द्यावं आणि दुसरी बघावी.

फायबरची असेल तर काम कमी. बोटाच्या सांध्याने सगळीकडे टकटक करा, भद्द आवाज आला तिथे आतलं प्लायवूड पाणी प्यायलंय. बसायच्या फळीखालचा फोम जागेवर आहे ना बघा, होडी पाण्याने भरली तरी तरंगत ठेवणारा तोच. वल्ह्याच्या मानेजवळ बारीक चीर आहे का ते उन्हात धरून बघा, आणि वल्हं अडकवायचं दोरीचं कडं जुनं असेल तर न बघताच नवीन घाला.

सोबत काय हवं ते थोडक्यात. लाइफ जॅकेट, आणि ते घातलेलं, फळीखाली कोंबलेलं नाही. पाणी उपसायला दांड्याचा डबा, दोरीने बांधून. एक जादा वल्हं. छोटा नांगर आणि दोर. शिटी. मोबाइल प्लास्टिक पाउचमध्ये. टोपी, दोन लिटर पाणी. गमबूट घालू नका, पाणी भरलं की पाय वर येत नाहीत. घरी सांगून जा, कुठून कुठे आणि किती वाजता परत.

शरीराचं म्हणाल तर हाताला फोड येतील आणि दुसऱ्या दिवशी पाठ बोलेल. हाताने ओढू नका, पाय समोरच्या फासळीला टेकवून पाठ सरळ ठेवून अंग मागे न्या, हात फक्त वल्हं धरायला. पहिल्यांदा अर्धा तास, धक्का दिसेल इतक्याच अंतरात. पुढच्या वेळी थोडं जास्त. बीपी किंवा खांद्याचं दुखणं असेल तर डॉक्टरना विचारून, आणि पहिले काही आठवडे सोबत कुणीतरी हवंच, शक्यतो रोज पाण्यात असणारा.

त्या रोजच्या माणसांशी बोलणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाण्यात रोवलेल्या खुंटांना जाळी लावलेली असते, कुठे थर्माकोलचे तुकडे तरंगतात त्याखाली जाळं किंवा कुर्ल्यांचा सापळा असतो, त्यावरून होडी घालणं म्हणजे कुणाच्या तरी आजच्या कमाईवरून जाणं. कुठली बाजू मोकळी ठेवतात ते विचारा, आनंदाने सांगतात. बांधाला जिथे मानस, म्हणजे पाण्याचं दार, आहे तिथे सुकतीला ते उघडतं आणि खाजनातलं, म्हणजे बांधामागच्या सखल शेतजमिनीतलं, पाणी जोरात बाहेर पडतं, त्या धारेत आडवी होडी लगेच कलंडते, शिवाय समोर जाळं लावलेलं असतं, तेव्हा लांबून जा. बाणस्तारीच्या पुलासारख्या जागी खांबांमध्ये पाणी आवळतं आणि वेग घेतं, तिथे खांबांच्या बरोबर मधून, होडी सरळ करून, वल्हं चालू ठेवूनच जायचं. वल्हं थांबवलं की पाणी होडीला खांबाकडे वळवतं.

गणपतीत सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड असतो, दोन होड्या एकत्र बांधून त्यावर गणपती आणि देखावे, तेव्हा आपली होडी घरी ठेवा आणि काठावरून बघा. गर्दीत, पावसाच्या पाण्यात, जोडलेल्या होड्या कशा वळवतात ते नीट बघितलं तर पुष्कळ शिकायला मिळतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच कुणाला जाऊन भेटा, तुमचा धक्का सांगा, तिथे कुठे खडक, कुठे गाळ ते त्यांना ठाऊक असतं.

परत आल्यावर गोड्या पाण्याने होडी धुवा, आतलं पाणी उपसा आणि बांधताना दोर ढिला ठेवा. भरतीला आखूड बांधलेली होडी सुकतीला दोरावर लटकते आणि उलटते, पाणी २ मीटर खाली जाणार हे धरून दोर सोडायचा, पुढून एक आणि मागून एक असे दोन, म्हणजे भरती फिरली तरी ती धक्क्याला आपटत नाही.