इंदूरच्या कोर्टात फौजदारी केस आहे? बाबूकडे जायच्या आधी हे बघा

1 जुलै 2024 पासून सीआरपीसी (फौजदारी केस कशी चालवायची याचा जुना कायदा) जाऊन बीएनएसएस (त्याच्या जागचा नवा कायदा) आलीय, त्यामुळे बाबूलोकांचं काम बदललंय, म्हणून आधी ठाण्यात किंवा कोर्टाच्या रजिस्ट्रारकडच्या रजिस्टरात आपला पत्ता, मोबाइल, ईमेल नीट लिहिलाय का ते बघा, बीएनएसएसच्या कलम 64 प्रमाणे ते रजिस्टर ठेवणं त्यांना भागच आहे. ईमेल दोनदा वाचा, एक डॉट चुकला की समन्स गेलं भलतीकडे! मोबाइलवर समन्स आलं तर फेक म्हणून उडवू नका, कोर्टाच्या शिक्क्याची इमेज किंवा डिजिटल सही आहे ना बघा, मग ईकोर्ट्स अ‍ॅपवर केस नंबर टाकून ताळा करा. निकाल शक्यतो 7 दिवसांत कोर्टाच्या पोर्टलवर चढवायचा असतो, तेव्हा नकल शाखेच्या (प्रती देणाऱ्या विभागाच्या) खिडकीशी ताटकळू नका. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच, फुकट मिळते, ती मागून घ्या.