मीठ-साखरेचं पाणी मापातच करा, साखर चवीसाठी नसते

घरात कुणाला जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी सगळेच करतात, पण बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, वर लिंबू पिळलं की झालं. प्लीज असं नका करू. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, बस. चमचा ५ मिलीचा हवा, घरातले चमचे लहानमोठे असतात म्हणून औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण धुऊन घेतलं तर उत्तम. पूर्ण विरघळलं की चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि परत करा.

आता एवढा हट्ट कशासाठी ते सांगते. आतड्याच्या पेशींभोवती जे पटल असतं ते मेदाचं, त्यातून मिठातलं सोडियम आपलंआपण आत जाऊच शकत नाही, ग्लुकोजही नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनाची दारं असतात आणि त्यातलं एक दार, एसजीएलटी-१ नावाचं, दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र आले की दोघांना मिळूनच आत घेतं. (आपली साखर आतड्यात फुटते, तिच्यातून हे ग्लुकोज मिळतं.) पेशीच्या पलीकडच्या बाजूला एक पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत रक्ताच्या दिशेने बाहेर काढत असतो, त्यामुळे पेशीत सोडियम कमीच राहतं आणि अलीकडून नवीन ओढलं जातं. मीठ-साखर जिकडे जाईल तिकडे पाणी मागोमाग जातं, हेच ऑस्मॉसिस.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की कॉलऱ्याचं विष पेशींमधून क्लोराइड आणि पाणी बदाबदा बाहेर ओतायला लावतं तरी हे दार चालूच राहतं! १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, तिथे सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर लोकांना द्रावण तोंडाने पाजलं आणि असंख्य जीव वाचले.

म्हणूनच साखर जास्त झाली तर गणित उलटं फिरतं, आतड्यातलं द्रावण घट्ट होतं आणि ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस याच कारणाने नको. मीठ जास्त झालं तर लहान मुलांसाठी ते खरंच धोक्याचं.

मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच वापरा, त्यात पोटॅशियम आणि सायट्रेटपण असतं जे घरच्या पाण्यात नाही. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, अर्धं पाकीट ग्लासात वगैरे नाही, आणि छोटी २०० मिलीची पण येतात म्हणून आधी वाचा. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलांना १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालूच ठेवा. जुलाब लगेच थांबत नाहीत, घाबरू नका, गेलेलं पाणी भरून काढणं हे त्याचं काम. पण शीत रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, मूल मलूल किंवा पाणीच पीत नाही असं दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा, आणि रस्त्यातसुद्धा पिता येत असेल तर चमच्याने पाजत राहा.