बीजवाढीची इंजेक्शनं सुरू आहेत? या चुका टाळा

वंध्यत्वाच्या उपचारांत, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसाठी, सोळा वर्षं इंजेक्शनं देतेय, तरी आठवड्याला कुणीतरी मोबाइलवर नणंदेची फाइल उघडून दाखवतंच. "सिस्टर, हिची अठरा बीजं निघाली, मलाही तेच द्या ना!"

नणंदेला लाँग प्रोटोकॉल, म्हणजे औषधांचा लांबचा क्रम, दिला होता. आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी औषधाने दाबून ठेवायची, मग बीजं वाढवायची. समोरच्या मुलीला पीसीओडी, म्हणजे ओव्हरीत खूप छोटी बीजं, आणि एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) नऊ. तिला अँटॅगनिस्ट प्रोटोकॉलच बरा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू, आणि बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून इंजेक्शनांच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून आणखी एक. दिवस वाचतात म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. त्यात शेवटचा ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं इंजेक्शन, एचसीजी हार्मोनऐवजी अ‍ॅगोनिस्ट औषधाचा देता येतो, आणि ओव्हरी सुजून पोटात पाणी होण्याचा धोका खूपच कमी होतो. लाँगमध्ये पिट्युटरी आधीच दाबलेली, त्यामुळे ती सोय नाही. अ‍ॅगोनिस्टचा ट्रिगर दिला की बहुधा गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडावे लागतात. एक महिना थांबायचं जिवावर येतं, कळतं मला. पण पाणी भरलेल्या पोटाने धापा टाकणारी बाई पाहिलीय, म्हणून 'याच महिन्यात उरका' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी ठाम नाही म्हणते.

एएमएच कमी असेल तर डोस वाढवा म्हणून हटून बसू नका. त्या महिन्यात ओव्हरीत आहेत तेवढीच बीजं वाढणार. रोजच्या 300 युनिटच्या वर गेलं की बहुधा खर्चच वाढतो. 1978 साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली ती औषधाविना वाढलेल्या एकाच बीजातून.

आता ट्रिगर. बीजं काढायच्या 34 ते 36 तास आधी, ठरल्या मिनिटाला. एका जोडप्याची गोष्ट विसरत नाही. बारा फॉलिकल (बीजांच्या पिशव्या), आणि पहिल्या ओव्हरीतून एकही बीज येईना. डॉक्टर थांबले, मी बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे गेले. त्याने पिशवीतून बाटली काढली. आत पांढरी पावडर तशीच, सील शाबूत. बिचाऱ्याने सोबतच्या अँप्युलमधलं पाणी तेवढं टोचलं होतं! लगेच नवा ट्रिगर दिला, दुसऱ्या ओव्हरीला 36 तासांनी हात लावला. पाच बीजं मिळाली. तेव्हापासून जो इंजेक्शन देणार, त्याच्याकडून मी माझ्या टेबलावर पावडर विरघळवून घेते, आणि रात्री रिकामी बाटली घड्याळाशेजारी ठेवून फोटो मागवते. वेळ चुकली तर त्याच रात्री फोन करा. कुणी ओरडत नाही. बीजं काढायची वेळ पुढे ढकलता येते. लपवलंत तर कच्ची बीजं हाती येतात.

फ्रिजमध्ये ठेवायची इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत, बर्फाला चिकटवून नकोत. गोठलेलं टाकून द्या.

एचसीजी ट्रिगरनंतर घरी प्रेग्नन्सी किटवर लगेच तपासू नका, इंजेक्शनचीच रेघ उमटते.

वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका.