घरातलं मीठ मोजायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची. मिठाचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात किलोभर मीठ 50 दिवसांच्या आत संपलं, तर हात नक्कीच सैल आहे. विकतचं लोणचं, पापड, फरसाण तर या हिशेबात धरलेलंच नाही. तिथे पाकिटावरचे सोडियमचे मिलिग्रॅम बघा आणि 2.5 ने गुणा, मीठ कळेल. सैंधव घेतलं तरी सोडियम जवळपास तेवढंच.

चीनमधल्या 2021 च्या मोठ्या चाचणीत 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण घटलं. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका: पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.