घोणस चावल्यावर रक्त गोठायला लागलं तरी लघवी मोजत रहा

घोणस चावलेल्या पेशंटजवळ तुम्ही बसला असाल तर हे वाचून ठेवा. आधी पाय हलवू न देता, घट्ट दोरीबिरी न बांधता, सरळ हॉस्पिटल गाठायचं. तिथे साधी टेस्ट करतात, २ मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग ट्यूब तिरकी करतात, रक्त पातळच राहिलं तर विषाने गोठण्याचे घटक संपवलेत असं समजायचं आणि अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, लगेच चालू होतं.

मग औषधाने रक्त परत नीट गोठायला लागतं, सगळे सुटलो म्हणतात, आणि नेमकं इथेच लक्ष उडतं. काही थोड्या पेशंटमध्ये पुढच्या काही दिवसांत वेगळाच त्रास सुरू होतो, बारीक रक्तवाहिन्यांत छोट्या गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट खर्ची पडतात, लाल पेशी तिथून जाताना फाटतात आणि किडनीचा रक्तपुरवठा अडतो. डॉक्टर याला टीएमए (थ्रोम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी) म्हणतात.

म्हणून लघवी मोजा, अंदाजाने नको, भांड्यात मोजून वेळेसकट वहीत लिहा. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी व्हायला हवी, सलग काही तास त्याहून कमी झाली किंवा चहासारखी काळपट आली तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरला सांगा. लघवी ठीक असली तरी क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसेल तर रक्तात साठणारा घटक) वाढू शकतं, त्यामुळे ते आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रोज होतंय ना बघा. गोठण्याचा रिपोर्ट सुधारतोय पण प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन उतरतंय असं दिसलं की स्पष्ट विचारा, "स्मिअरमध्ये फाटलेल्या लाल पेशी दिसतात का, एलडीएच किती आहे?" स्मिअर म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेलं रक्त, आणि एलडीएच म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक. असं विचारण्यात संकोच कसला, आपलं माणूस आहे.

दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने अजिबात देऊ नका, किडनीला अजून मार बसतो.

डायलिसिस सांगितलं तर घाबरू नका, बऱ्याच जणांची किडनी काही आठवड्यांत परत कामाला लागते आणि डायलिसिस थांबतं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बदलण्याबद्दलही कुणी सुचवेल, पण साप चावल्यानंतरच्या टीएमएत त्याचा फायदा अजून पक्का सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्यासाठी डायलिसिस लांबवू नका. क्वचित किडनीचा बाहेरचा थरच मरतो, तिथे मात्र पूर्ण भरून येणं अवघड असतं.

घरी आल्यावरही क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन डॉक्टर सांगतील तसं काही महिने तपासत रहा, आणि सगळे रिपोर्ट तारखेनुसार एकाच फाईलमध्ये लावा.